चार तास, जास्त नाही

दिवा लागला, पण लागल्यासारखा लागला नाही. केबिनच्या छतातला तो वाटीएवढा गोल दिवा एरवी बटण दाबलं की लख्ख पांढरा व्हायचा. आज तो आधी काहीच झाला नाही, मग तांबूस झाला आणि तिथेच थांबला, पुढे जायचं की नाही ते अजून ठरायचं असल्यासारखा. तिने बटणावरचं बोट काढलं नाही. छातीशी बांधलेल्या झोळीतून टिटवीने मान मागे टाकून वर पाहिलं आणि म्हणाली, "दा." टिटवी म्हणजे तिची चौदा महिन्यांची मुलगी. जन्मल्याबरोबर ती जी ओरडली ते ऐकून दवाखान्यातल्या आयाबाईंनी ठेवलेलं हे नाव कागदावरच्या नावाला पुरून उरलं होतं. "हो गं, दा," ती म्हणाली, आणि तेवढ्यात पायाखालच्या फळ्यांखाली पंप सुरू झाला. सुरू झाला म्हणजे कण्हला. दोनतीनदा घसा खाकरला आणि गप्प बसला. ते गप्प बसणं तिला लगेच कळलं. टिटवी पडते आणि रडण्याआधी श्वास कोंडून धरते, त्या दोन सेकंदांत कळतं तसं. तिने खुंटीवरचा मीटर काढला, बॅटरीच्या पेटीचं झाकण उचललं, लाल टोक लालला लावलं, काळं काळ्याला. अकरा पॉइंट सहा. भरलेली बॅटरी बारा पॉइंट सात दाखवते, बारा पॉइंट दोन म्हणजे अर्धी उरली, आणि अकरा पॉइंट सहा म्हणजे नावाला जिवंत. महिन्यात ही तिसरी वेळ होती, आणि आज बुधवार होता, आणि शनिवारी दादा येणार होता.

दादाने हे सगळं तीन आठवड्यांपूर्वी जेवणाच्या टेबलावर मांडलं होतं, हात धुऊन आल्यावर, रुमालाने एकेक बोट पुसत. बाबांना झटका येऊन आठ महिने झाले, उजवा हात गेला, बोलणं गेलं, ते काही आता बोटीवर चढत नाहीत. बोट धक्क्याला बांधून ठेवली म्हणून ती जागच्या जागी राहत नाही, दिवसेंदिवस खाली जाते. तिच्या बुडाशी पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथे थेंब थेंब पाणी येतं, ते उपसायला पंप लागतो, पंपाला बॅटरी लागते. "आणि बॅटरी कायमची कोण बघणार? तू?" त्याने विचारलं होतं. "तू घरातून निघाल्यावर गॅस बंद केला का ते बघायला तीनदा परत जातेस." सगळे हसले होते. तीही हसली होती, कारण तीनदा नाही, दोनदा. "मी बघेन," ती म्हणाली होती. मग दादाने अट घातली, व्यवहारी माणूस घालतो तशी, स्वच्छ: महिनाअखेरच्या शनिवारी मी येऊन स्वतः चावी फिरवणार. इंजिन सुरू झालं तर बोट तुझी, मी पुन्हा तोंडातून अक्षर काढणार नाही. नाही झालं तर माझ्याकडे गिऱ्हाईक तयार आहे. बाबा टेबलाच्या टोकाला चाकाच्या खुर्चीत बसले होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांनी मान हलवली, पण ती दादाच्या अटीला होती, की तिच्या "मी बघेन"ला, की नुसतीच पाणी हवं म्हणून, हे तिला अजून कळलेलं नव्हतं.

आधीच्या दोन वेळा तिने कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे नवऱ्याला सांगितलं होतं, पण त्याची तेव्हा रात्रपाळी चालू होती आणि तो "हं" म्हणून झोपला होता. दोन्ही वेळा तिने तळाचं पाणी मगाने उपसलं होतं, एकशेदहा मग पहिल्यांदा, एकशेचाळीस दुसऱ्यांदा. टिटवी गादीवर उशांच्या कुंपणात बसून प्रत्येक मगाला टाळी वाजवत होती. मोजायची तिला सवयच होती. टिटवी जन्मल्यापासून ती सगळंच मोजत आली होती: पोरीचे श्वास, औषधाचे थेंब, जिन्याच्या पायऱ्या, दुधाची शेवटची वेळ आणि पुढची वेळ यांतली मिनिटं. लोक तिला घाबरट म्हणत, प्रेमाने म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. फक्त एक गोष्ट तिने कुणाला कधी समजावून सांगितली नव्हती, कारण समजावायला गेलं की ती भलतीच वाटे. जमिनीवर तिची भीती हवेसारखी सगळीकडे पसरलेली असे, तिला धरायला जागा नसे. बोटीवर आलं की तिला कामं मिळत. इथे घाबरायच्या गोष्टी ठरलेल्या होत्या: दोरी घासतेय का, तळातली पाण्याची झडप बंद आहे का, थेंब किती सेकंदांनी पडतोय. घाबरायचं, बघायचं, हात लावायचा, पुढे जायचं. नऊ वर्षांची असताना बाबांनी पहिल्यांदा तिच्या हातात सुकाणूचा दांडा दिला, तेव्हा ती म्हणाली होती, "मला भीती वाटते." बाबा शिडाकडे बघतच म्हणाले होते, "वाटू दे. कशाची वाटते ते नीट बघ." तेव्हापासून ती बघत आली होती. आणि आता तिच्या नाकासमोर ही बॅटरी तिसऱ्यांदा मेली होती, आणि ती काय बघत नव्हती तेच तिला दिसत नव्हतं.

कारण करायचं ते सगळं ती करत होती. बॅटरीच्या पेटीच्या झाकणाला आतून बाबांनी एक पुठ्ठा चिकटवला होता, त्यावर त्यांच्या निळ्या, सरळ, जरा मागे कललेल्या अक्षरात लिहिलं होतं: चार्जिंग चार तास. जास्त नाही. चालू असताना बोट सोडून जायचं नाही. 'नाही' दोन्हीकडे अधोरेखित होतं. आता त्या हाताने बाबांना चमचाही धरता येत नव्हता, त्यामुळे ते अक्षर तिला अक्षर वाटत नसे, बाबाच वाटत. बुधवारी आणि रविवारी, नवऱ्याची पाळी काही असो, ती टिटवीला झोळीत घालून दहाला धक्क्यावर यायची, विजेच्या खांबावरून वायर ओढून चार्जर लावायची, आणि दहा ते दोन पहाऱ्यावर बसायची. टिटवीला भरवायची, झोपवायची, पितळी कड्या पुसायची, थेंब मोजायची. दोन वाजले की चार्जर बंद, वायर गुंडाळून जागेवर, झडप, कुलूप, कुलूप ओढून बघणं, चार पावलं जाऊन परत येऊन ओढून बघणं. चार तासांच्या वर एक मिनिट तिने कधी होऊ दिलं नव्हतं. एकदा टिटवीने दुधाची गुळणी केली, त्या गडबडीत दोन वाजून सहा मिनिटं झाली, तर तिला दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं होतं.

आजही तिने तेच केलं. पंपाचं झालं गेलं सोडून आधी चार्जर लावला, त्याचा नारिंगी ठिपका लागला, मग फळी उचलून मग घेऊन बसली. मधे टिटवीला भरवत, झोपवत ब्याण्णव मग झाले तेव्हा धक्क्यावरून आवाज आला, "ताई, आज पण उपसा सिंचन का?" झिरोभाऊ होता, धक्क्याचा वायरमन. कुठलंही काम सांगा, "झिरो प्रॉब्लेम" म्हणायचा आणि मग दोन तास प्रॉब्लेम शोधत बसायचा, म्हणून झिरोभाऊ. पोट एवढं की बोटीवर पाय ठेवला की बोट त्याच्याकडे वाकून नमस्कार करायची. तो आत वाकला, बॅटरीकडे पाहिलं, टिटवीकडे पाहून भुवया नाचवल्या.

"म्हातारी झाली का बॅटरी?"

"सहा महिन्यांची आहे."

"मग वायर कुठे खाल्ली असेल उंदराने."

"सगळ्या बघितल्या. दोनदा."

"दोनदा म्हणजे तुम्ही चारदा बघितल्या असणार." त्याने हसत चार्जरवर तळहात ठेवला, कुणाच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि त्याचं हसणं जरा थांबलं. "कधीपासून चालू आहे हा?"

"दहापासून. साडेतीन तास झाले."

"तसा कोमटच आहे की. काम करतोय की माशा मारतोय?" त्याने डोळे बारीक करून खालच्या कडेला पाहिलं. "हिरवा कधी लागतो ह्याचा?"

"कुठला हिरवा?"

"हा काय, नारिंगीच्या शेजारी. भरली की हिरवा होत असेल ना. किती वेळाने होतो?"

ती बघत राहिली. नारिंगी ठिपक्याशेजारी दुसरा ठिपका होता, राखाडी, मसुराएवढा. तो तिला माहीत होता. तिने तो कैकदा फडक्याने पुसला होता. बंद काचेच्या डोळ्यासारखा तो नेहमीच तिथे होता, आणि ती मनातल्या मनात त्याला शर्टाच्या आत शिवलेल्या जादा बटणासारखं काहीतरी धरून चालली होती. हिरवा. पाच महिने, आठवड्यातून दोनदा, चार तास, ती ह्या वस्तूच्या समोर बसली होती, आणि तिने हिरवा दिवा एकदाही पाहिला नव्हता. पाहणार कशी? तो लागायच्या आत दरवेळी तिनेच, आपल्या हाताने, घड्याळाकडे बघून, चार्जर बंद केला होता.

"झिरोभाऊ," ती म्हणाली, "जरा पोरीला धरता का पाच मिनिटं?"

"झिरो प्रॉब्लेम," तो म्हणाला आणि टिटवीने लगेच त्याच्या कानाला धरलं.

चार्जरचं माहितीपत्रक नकाशांच्या खणात होतं, खोक्यातून निघालं तेव्हाच्याच घड्यांत. टिटवीच्या औषधांची पत्रकं ती अथपासून इतिपर्यंत वाचायची, दहा हजारांत एकाला होणाऱ्या त्रासापर्यंत, आणि मग रात्री तो एक कोण असेल याचा विचार करायची. हे पत्रक तिने उलगडलंसुद्धा नव्हतं, कारण झाकणावर बाबा होते. बाबा असताना पत्रक कशाला? चार अँपिअर, पत्रकात लिहिलं होतं. बॅटरी भरली की आपोआप कमी होतो. कायम जोडून ठेवता येतो. कायम. ती नकाशाच्या टेबलाशी उभ्याउभ्याच पेन्सिल घेऊन हिशोब बसवायला लागली. कॉलेजात असताना तिला ही गणितं येत असत, आणि येत असतात त्या गोष्टी जात नाहीत, नुसत्या मागे सरकतात. तिने ते घरच्यासारखं करून पाहिलं. बॅटरी म्हणजे ऐंशी बादल्यांची टाकी. हा चार्जर तासाला चार बादल्या ओततो, चार तासांत सोळा. पंप दिवसाला तीन बादल्या नेतो. आणि गॅसचा भोंगा, गळती झाली की ओरडणारा, तो दिवसाला पाच. इथे तिची पेन्सिल थांबली. गॅसचा भोंगा तिनेच बसवून घेतला होता, दीड महिन्यापूर्वी, टिटवी केबिनमध्ये पावलं टाकायला लागली तेव्हा, केबिनमधल्या छोट्या शेगडीच्या धास्तीने. तो रात्रंदिवस चालू असे, कुणी बोटीवर असो नसो. म्हणजे रोज आठ बादल्या जात होत्या, त्यातल्या पाच तिच्या भीतीच्या. साडेतीन दिवसांत अठ्ठावीस जायच्या आणि सोळा यायच्या. मरेल नाही तर काय करेल! तिला हसू आलं. शरमेचंही होतं, पण मुळात हसूच. भोंगा काढायचा नाही, तिने तिथल्या तिथे ठरवलं. भीती खाते तर खाऊ दे, तिला पोटभर देण्याची सोय करायची.

पण मग बाबांचे चार तास आले कुठून? आणि तेही तिला तिथेच, नाकात आधी, आठवलं. सडक्या अंड्याचा वास. जुना चार्जर, लोखंडी, घुंई आवाज करणारा, उचलायला दोन हात लागत आणि बाबा पुटपुटत त्याला "रेडा" म्हणत. तो तासाला पंधरा बादल्या ओतायचा आणि थांबायचं त्याला ठाऊकच नव्हतं. टाकी भरली तरी ओततच राहायचा. ती बारा वर्षांची असताना बाबा एकदा त्याला चालू ठेवून धक्क्यावरच्या कुणाशी बोलत बसले. परत आले तेव्हा बॅटरी उकळत होती, पेटीतून फसफस येत होतं आणि केबिनमध्ये तो वास. बाबांचा चेहरा तिने तसा पहिल्यांदाच पाहिला होता. त्यांनी तिला दंडाला धरून आधी बाहेर काढलं, इतक्या जोरात की बोटांचे वळ उठले, आणि मग संध्याकाळी बसून तो पुठ्ठा लिहिला. रेड्याच्या हिशोबाने चार तास अगदी बरोबर होते. बाबा चुकले नव्हते. बाबा आजारी पडल्यावर दादाने रेडा भंगारात देऊन हा नवा, हलका, शहाणा चार्जर आणून बसवला, दहा मिनिटांत, फोनवर बोलत बोलत. रेडा गेला आणि त्याची वेसण राहिली. आणि ती वेसण तिने ह्या गरीब सशाच्या नाकात घालून पाच महिने ओढून धरली होती.

दोन वाजले. झिरोभाऊ टिटवीला घेऊन धक्क्यावर येरझाऱ्या घालत होता, तिने त्याला हाक मारून पोरीला झोळीत घेतलं. चार्जरच्या बटणाकडे हात सवयीने गेला आणि तिने तो परत घेतला. आता काय करायचं ते सोपं होतं, करायचं काहीच नव्हतं. तेच तर अवघड होतं. आयुष्यभर ती बंद करून निघालेली बाई होती. बंद केलेल्या वस्तूकडे परत परत जाऊन बघता येतं, आणि बघितलं की ती बंदच असते, त्यात एक शांतता असते. चालू ठेवून गेलेल्या वस्तूचं काय बघणार? तिने पेटीचं झाकण वर करून काठीचा टेकू दिला, वाफ झालीच तर कोंडायला नको. चार्जरच्या आसपासचं फडकं, कागद, टिटवीची टोपी, सगळं उचललं. वायर खाली लोंबत नाही ना, पाण्याला लागत नाही ना, पाहिलं. तळहात ठेवून पाहिला: कोमट. भीती वाटते, वाटू दे, कशाची वाटते ते नीट बघ. उकळण्याची. हा उकळवू शकत नाही, त्याच्यात तेवढा दमच नाही. मग पुठ्ठ्यावरच्या दुसऱ्या ओळीची. चालू असताना सोडून जायचं नाही. तिने पेन्सिल घेतली आणि बाबांच्या अक्षराला कुठेही न लागेल अशा बेताने, खालच्या मोकळ्या जागेत, लिहिलं: हे जुन्या चार्जरचं. नवा कायम चालू ठेवायचा. तिचं अक्षर बाबांच्या शेजारी शाळकरी दिसत होतं. कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि चार पावलं गेल्यावर मान वळली, पाय वळले नाहीत.

घरी जाताना वाटेतच दादाचं घर होतं, बाबा तिथे असत. दार वहिनीने उघडलं आणि टिटवीला आधी ओढून घेतलं. "ये गं माझी भोंगावाली. अगं, सकाळपासून 'बॅटरी, बॅटरी' चाललंय तुझ्या वडिलांचं. बुधवार आहे हे बरं कळतं त्यांना." झटक्यानंतर बाबांकडे वीसबावीस शब्द उरले होते, त्यात बॅटरी होता, हे दादाला विनोदी वाटायचं आणि तिला अजिबात वाटायचं नाही. ते खिडकीशी बसले होते. ती समोर स्टूल ओढून बसली. बाबांनी डावा हात वर केला, चार बोटं, अंगठा आत.

"चार?" ते म्हणाले.

मागून वहिनी हळूच म्हणाली, "हो म्हणून टाक बाई. त्यांना कुठे कळतंय."

त्यांना कळत होतं, हाच तर घोटाळा होता. डोळे अगदी जुनेच होते. हो म्हणणं किती सोपं होतं. आठ महिने ह्या घरात सगळे त्यांना हो म्हणत आले होते, जेवण आवडलं का विचारून स्वतःच हो म्हणत, आणि दरवेळी बाबा थोडे आणखी कमी होत गेले होते. "नाही, बाबा," ती म्हणाली. "चालू ठेवून आले."

चार बोटं तशीच राहिली. मग ती मिटली, आणि मूठ खुर्चीच्या हातावर आपटली. "उकळ," ते म्हणाले. "उकळ. जा. जा!"

"उकळणार नाही. तो रेडा होता बाबा. रेडा गेला. हा चारच देतो तासाला, भरली की थांबतो. तुमच्या चार तासांत तिचं पोट भरत नव्हतं. म्हणून मरत होती. तीनदा मेली. मी तुम्हाला सांगितलं नाही, ती चूक झाली."

"चार!" बाबांचा चेहरा लाल झाला होता, वाकड्या झालेल्या ओठाच्या कोपऱ्यात लाळ आली होती. टिटवीने वहिनीच्या खांद्यावरून भोकाड पसरलं. वहिनी म्हणाली, "बघितलंस? आता रक्तदाब वाढेल त्यांचा." तिला वाटलं उठावं, पळत धक्क्यावर जावं, वायर उपटावी, परत येऊन सांगावं, बंद केलं बाबा, बंद केलं. गुडघे तयारही झाले होते. तिने रुमालाने बाबांच्या ओठाची कड पुसली. ते मान फिरवून खिडकीबाहेर बघायला लागले. "उद्या येऊन आकडा सांगते," ती त्यांच्या मानेला म्हणाली. "आकडा वाईट आला तर तुमचं खरं."

घरी टिटवी गाढ झोपली आणि तिला झोप आली नाही, यात नवीन काही नव्हतं. नवीन हे होतं की पडल्यापडल्या तिने एकदाही गॅस बंद आहे का ते बघायला उठायचं मनात आणलं नाही. तिची सगळी भीती आज कामावर गेली होती. घरात घाबरायला कुणी उरलंच नव्हतं.

गुरुवारी अकराला तिने कुलूप उघडलं तेव्हा आधी नाक पुढे केलं. ओलं लाकूड, रंग, टिटवीच्या बिस्किटांचा वास. दुसरं काही नाही. ठिपका मात्र अजून नारिंगीच होता. काल दहापासून पंचवीस तास झाले होते. ती गादीवर बसली, टिटवीला मांडीवर घेतलं, आणि दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. मीटर लावायचं तिने मुद्दाम टाळलं, कारण लावला असता तर दर पाच मिनिटांनी लावला असता. बारा वाजले. साडेबारा वाजले. बादल्यांचा हिशोब तिने पुन्हा करून पाहिला, ओतताना थोडं सांडतं तेही धरलं, तरी आता व्हायलाच हवं होतं. फळ्यांखाली पंप सुरू झाला, खणखणीत, बाहेर धक्क्याला पाणी थडाथड आपटल्याचा आवाज आला, आणि थांबला. टिटवीने टाळी वाजवली. बाराचाळीसला, ती पोरीच्या नाकाला रुमाल लावत असताना, म्हणजे नेमकी बघत नसताना, तो हिरवा झाला. तिने मान वर केली तर झालेलाच होता, मसुराएवढा, पहिल्यापासून तसाच असल्यासारखा. "दा," टिटवी म्हणाली.

तिने घाई केली नाही. चार्जर काढल्या काढल्या मोजलेला आकडा फुगलेला असतो, बॅटरीला जरा निवू द्यायचं असतं, हेही बाबांचंच, आणि हे नव्या चार्जरनेही बदललं नव्हतं. तिने वायर काढली, तीन तास बसून राहिली, मग लाल लालला, काळं काळ्याला. बारा पॉइंट सात. वायर परत जोडली.

बाबा बुधवारसारखेच खिडकीशी होते आणि तिच्याकडे बघत नव्हते. ती स्टूलवर बसली नाही, त्यांच्या आणि खिडकीच्या मधेच जाऊन उभी राहिली. ते तिच्या पोटाकडे बघायला लागले. मग म्हणाले, "किती?"

"बारा पॉइंट सात. तीन तास निवल्यावर."

त्यांनी डोळे मिटले. तिला वाटलं, संपलं, झोपले. पण त्यांचा डावा हात तिच्या मनगटाशी आला, नाडी बघायला धरावा तसा धरला. "परत," ते म्हणाले.

"बारा पॉइंट सात, बाबा."

"परत."

तिने परत सांगितलं. वहिनी दारात येऊन उभी राहिली होती. बाबांच्या गालाची चालती बाजू हलली. "रेडा," ते म्हणाले, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांना हसू आलं, एका बाजूनेच, पण मोठ्याने.

शनिवारी दादा दहाला आला तो एकटा नाही. बरोबर पांढऱ्या बुटांचे एक गृहस्थ होते, ते धक्क्यावर जपून पावलं टाकत होते आणि दोरखंडांना हात लावून बोटं हुंगत होते. म्हणजे निकाल दादाने घरूनच आणला होता. नवरा टिटवीला कडेवर घेऊन खांबापाशी उभा होता; त्याने पाळी बदलून घेतली होती, तिने न सांगता. "गिऱ्हाईकालाच घेऊन आलास?" ती म्हणाली.

"वेळ वाचतो," दादा म्हणाला. "चावी दे."

त्याने चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्याला उठलं, इतकं तयार की दादाने दचकून हात मागे घेतला. पाणी फुर्र करून मागून बाहेर पडलं. गृहस्थांचा चेहरा उजळला. "वा! बोट ठणठणीत आहे की. तुम्ही तर म्हणाला होतात जरा काम निघेल."

दादा इंजिनाकडे बघत होता. मग तिच्याकडे. "काय केलंस?"

"भरेपर्यंत थांबले."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि तिला त्याच्या आवाजातला तो वळण घेणारा सूर ऐकू आला, लहानपणी पत्ते हरायला लागला की खेळच बदलू या म्हणायचा तो. "उलट चांगलंच झालं. आता हे इतक्या लांबून आलेत, बोटही चालू स्थितीत आहे, तर मी काय म्हणतो..."

"तू म्हणालास ते मला पाठ आहे, दादा. चावी तू फिरवलीस." ती सुकाणूपाशी जाऊन बसली. दांडा हातात घेतला. आवाज चढवायची गरजच नव्हती, इंजिनाच्या वर जेवढा लागतो तेवढाच तिने काढला. "काका, बसा, त्या बाजूला. एक फेरी मारून आणते तुम्हाला, आलाच आहात तर. ते जाकीट घाला आधी. पट्टा नीट आवळा. बोट विकायची नाहीये." गृहस्थांनी दादाकडे पाहिलं, मग गुमान जाकिटात हात घातला. धक्क्यावरून नवऱ्याने टिटवीचा हात धरून हलवला, टिटवी एवढ्या मोठ्याने किंचाळली की पलीकडच्या बोटीवरचं कुणीतरी बाहेर आलं. तिला भीती वाटली. तिने ती पाहिली, कशाची आहे ते पाहिलं: धक्का, पोरगी, आणि आता मधे वाढत जाणारं पाणी. नवऱ्याचा हात पोरीच्या पाठीवर घट्ट होता. विजेची वायर तिने सकाळीच काढून ठेवली होती; मागची दोरी बसल्या जागेवरून सोडून आत ओढली.

"दादा, पुढची दोरी सोड."

दादा अजून चावीपाशीच उभा होता. कपाळावर आठी होती. मग त्याने हातातला फोन खिशात टाकला, पँट गुडघ्यापाशी वर ओढली आणि पुढे जाऊन धक्क्यावर उतरून दोरीपाशी वाकला. गाठ त्याच्याने पहिल्यांदा सुटली नाही. दुसऱ्यांदा सुटली. बोटीचं नाक धक्क्यापासून हातभर सरकलं, मग दोन हात.

"उडी मार," ती म्हणाली. "आत्ता मार, दादा. नंतर लांब पडेल."

त्याने मारली.